रनाळ्याची काळी भिंत आणि अणूची घट

गेल्या माघांत कांहीं घरगुती कारणानें आमचें रनाळ्यास जाणें झालें. रनाळें हें नंदुरबार तालुक्यांतील गांव. नंदुरबारचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला. तरी तिकडील जुनीं माणसें अद्याप स्वतःस खानदेशचींच म्हणवितात, आणि शेताबांधावर अहिराणीच कानीं पडते. हंगाम मिरचीचा होता. नंदुरबाराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, आणि वारा फिरला कीं तिचा खकाणा थेट गाडींत. आमच्यासोबत कॉलेजच्या पहिल्या वर्षांत पदार्थविज्ञान शिकणारा आमचा पुतण्या होता. तो शिंकत शिंकतच गांवांत उतरला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही रानांत फिरावयास निघालों. त्या बाजूस ज्यांनीं प्रवास केला असेल त्यांच्या दृष्टीस एक गोष्ट खचित पडली असेल. सपाट शिवारांतून मधूनच काळ्या दगडांचा एक अरुंद, लांबट वरंबा उठतो आणि कोणी गवंड्यानें दोरी लावून रचावा तसा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरळ चालत जातो. परक्या माणसास वाटतें, एखाद्या पडक्या कोटाचा तट असावा. परंतु ती भिंत कोणी बांधिलेली नाहीं. दख्खनच्या भूमींतून जेव्हां शिलारस वर येत होता, तेव्हां जमिनीस पडलेल्या भेगांत तो शिरला, तेथेंच थिजला, आणि आजूबाजूचा मऊ खडक पावसापाण्यानें झिजून गेल्यावर हा कठीण गाभा उघडा पडला. भूगर्भशास्त्रज्ञ यास ‘डाइक’ म्हणतात. नंदुरबार व धुळें यांच्या दरम्यान अशा दोनशेंहून अधिक भिंती त्यांनीं नकाशावर उतरविल्या आहेत. त्यांतील कांहीं तर अनेक मैल लांब आहेत.

आम्ही तेथें उभे असतां शेतावरील एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. शहरांतलीं माणसें दगडाकडे इतकें काय पाहतात, याचें त्यांना नवल वाटलें असावें. त्यांनीं काठीनें दगडास टोंचून विचारलें, “भाऊ, हाऊ दगड कितला वरीसना शे?” आम्हीं सहज सांगितलें, सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांचा. म्हातारबोवा मनापासून हांसले. मग मोजावयास कोण बसलें होतें, असें त्यांनीं विचारलें, आणि आमच्या उत्तराची वाट न पाहतां बैलांकडे निघून गेले.

आम्हांस ती थट्टा वाटली, पण पुतण्याच्या मनास ती लागली. घरीं येतांना तो एकाएकी म्हणाला, “काका, त्यांचें काय चुकलें? मीहि पुस्तकांत आहे म्हणूनच तो आंकडा खरा मानतों.” आणि मग त्यानें मनांतली गोष्ट काढली. चांचणी परीक्षेंत त्याला बंधन-ऊर्जेवर प्रश्न आला होता. ‘अणुगर्भास बांधून ठेवणारी, त्यांत सांठविलेली ऊर्जा ती बंधन-ऊर्जा, युरेनियमांत ती सर्वांत जास्त, म्हणून युरेनियम फोडल्यास पुष्कळ ऊर्जा मिळते,’ असें त्यानें लिहिलें, आणि त्यास पुरे गुण मिळाले. पण जी ऊर्जा बांधून ठेवते ती ज्यांत सर्वांत जास्त, तोच अणु सर्वांत आधीं कां फुटावा? हा प्रश्न त्यानें दोन ठिकाणीं विचारला आणि दोन्ही ठिकाणीं ‘तेवढें परीक्षेस लागत नाहीं’ असें उत्तर मिळालें. “पाठच करावयाचें, तर दुसरा कोणताहि विषय काय वाईट?” असें म्हणून तो गप्प बसला. पुढील वर्षीं विषय बदलण्याचा त्याचा विचार चालला आहे, हें आम्हांस त्या दिवशीं प्रथम कळलें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओट्यावर बसून हा गुंता सोडविण्याचा आम्हीं यत्न केला. घरांतील बहुतेक मंडळी ऐकावयास बसली होती, म्हणून आरंभ खेळापासून केला. वहिनींकडून फोडलेल्या चिंचोक्यांच्या दोनशें डाळी मागविल्या. त्या सुपांत घालून पाखडल्यासारख्या उडवावयाच्या; ज्यांची काळी पाठ वर येईल त्या बाजूस काढावयाच्या, उरलेल्या पुन्हा उडवावयाच्या. पहिल्या फेरींत १०८ उरल्या, दुसरींत ५७, मग २६, मग १५, मग ६. चिंचोक्याचीं दोन्ही अंगें सारखीं नसतात, म्हणून बरोबर निम्म्या पडत नाहींत; परंतु चाल कळते. कोणती डाळ केव्हां जाईल हें कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. पांच फेऱ्या टिकलेली डाळ सहाव्या फेरीस थकलेली असते असेंहि नाहीं. आणि तरीहि एकंदर समुदायाचा हिशेब निम्म्या-निम्म्यानें चालतो.

किरणोत्सारी अणूंचें तसेंच आहे. बेकरेल यांना इ. स. १८९६ मध्यें युरेनियमाच्या क्षारांतून आपोआप किरण निघतांना दिसले, आणि रदरफोर्ड व सॉडी यांनीं थोड्याच वर्षांत सिद्ध केलें कीं असा अणु किरण टाकून दुसऱ्याच मूलद्रव्याचा होतो, व ठराविक काळांत त्यांतले निम्मे असे बदलतात. या काळास अर्धायुष्य म्हणतात. नांव थोडें फसवें आहे. अणूला वार्धक्य नाहीं, तो जन्मल्या क्षणीं जितका फुटण्याजोगा, तितकाच कोटी वर्षांनंतर. उष्णता, दाब, ऊन, पाऊस यांचा त्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाहीं. मोजणाऱ्याच्या दृष्टीनें याहून चांगलें घड्याळ कोणतें मिळणार?

परंतु घड्याळ कामाच्या बेताचें पाहिजे. तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशें येथें बी. के. थापर यांनीं १९५४-५५ मध्यें उत्खनन करून ताम्रपाषाणयुगांतील वस्तीचे अवशेष काढले. तशा वस्तींतील चुलीच्या कोळशाचें वय काढावयास कार्बन-१४ योग्य. त्याचें अर्धायुष्य ५,७३० वर्षें. पण पन्नासएक हजार वर्षांपलीकडे त्यांतलें मोजण्याजोगें कांहीं उरतच नाहीं. कोटी वर्षांच्या दगडास दुसरें घड्याळ हवें, आणि तें दगडांतच आहे: पोटॅशियम.

येथें आत्याबाईंनीं माळ थांबवून विचारलें, हें पोटॅशियम म्हणजे केळ्यांत असतें म्हणतात तेंच कीं काय? तेंच. केळीं, बटाटे, रताळीं, म्हणजे जवळजवळ सगळें उपवासाचें ताट. पोटॅशियमाच्या लाख अणूंत सुमारें बारा अणु पोटॅशियम-४० या जातीचे असतात, आणि ते किरणोत्सारी आहेत. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगांत सुमारें १४० ग्रॅम पोटॅशियम असतें. त्यांतले चार हजारांहून अधिक अणु दर सेकंदास फुटतात. आत्याबाईंनीं हातांतील माळेकडे पाहिलें. उद्यां एकादशी होती. आम्हीं सांगितलें, केळें खाल्ल्यानें हा आंकडा वाढून राहत नाहीं. शरीर पोटॅशियम ठराविकच ठेवतें, अधिक झालें तें मूत्रावाटें जातें. आणि हें फुटणें मनुष्यजात जन्मल्यापासून प्रत्येकाच्या अंगांत चाललेलें आहे. त्यांचें समाधान झालें असावें, कारण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं केळें खाल्लें.

आतां हिशेब. पोटॅशियम-४० चें अर्धायुष्य सुमारें १२५ कोटी वर्षें. म्हणजे दर कोटी वर्षांस हजारीं साडेपांचच्या आसपास अणु बदलतात. पुतण्यानें पंचांगाच्या मागल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें गुणाकार केला: सहा कोटी साठ लाख वर्षांत हजारीं सुमारें ३६. या छत्तिसांपैकीं ३२ कॅल्शियम होतात. त्यांचा उपयोग नाहीं, कारण दगडांत कॅल्शियम आधींच भरपूर असतें व नवें कोणतें, जुनें कोणतें तें ओळखतां येत नाहीं. राहिलेले चार अर्गॉन होतात. अर्गॉन हा वायु, आणि तोहि कोणाशीं संयोग न पावणारा. शिलारस उकळत असतां तो निसटून जातो, म्हणून दगड थिजला त्या वेळीं पाटी कोरी होती असें धरतां येतें. पुढें स्फटिकांत जो अर्गॉन सांपडतो तो तेथेंच जन्मलेला. उरलेल्या ९६४ पोटॅशियम-४० मागें अर्गॉनचे चार अणु मिळाले, कीं वय सांपडलें.

“मोजावयास कोणी बसलें नव्हतें,” पुतण्या म्हणाला, “दगडानेंच जमाखर्च लिहून ठेवला.”

पण वही फाडणारेहि आहेत. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग अर्गॉन असतो, व तो दगडाच्या चिरांत शिरतो. उलट दगड कुजला तर आंतला अर्गॉन निघून जातो आणि वय उगीच लहान दिसतें. (हवेंतला हा अर्गॉनहि जवळजवळ सगळा पृथ्वीच्या पोटांतील पोटॅशियमापासूनच झालेला आहे, वाइत्सेकर यांनीं १९३७ मध्यें तसा तर्क केला आणि ऑल्ड्रिच व नीर यांनीं १९४८ मध्यें जुन्या खनिजांत तो अर्गॉन प्रत्यक्ष दाखविला.) हवेच्या अर्गॉनांत अर्गॉन-३६ नांवाचा हलका भाऊ ठराविक प्रमाणांत असतो, त्याच्या एकामागें अर्गॉन-४० सुमारें तीनशें. दगडांत अर्गॉन-३६ किती सांपडला हें पाहून हवेची भेसळ वजा करितात. कुजक्या दगडाचा उपाय जरा निराळा आहे, त्याकडे पुढें येऊं.

आतां पुतण्याचा खरा प्रश्न: हा अणु फुटतो तरी कां?

यासाठीं सोनाराच्या दुकानांत गेलें पाहिजे. चार जुने दागिने आटवून एक नवा केला, कीं सोनार घट धरतो. चारांच्या वजनाइतकें वजन एकाचें भरत नाहीं. सोनाराच्या घटीविषयीं घरोघरीं जें बोललें जातें तें आम्ही येथें लिहीत नाहीं. पण निसर्गाच्या दुकानांतली घट अगदीं प्रामाणिक आहे. दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन सुटे तोलले तर अणुभाराच्या मापानें वजन ४.०३१८८ भरतें. तेच चौघे एकत्र येऊन हेलियमचा अणुगर्भ झाला कीं वजन ४.००१५१. शंभर तोळ्यांत पाऊण तोळा नाहींसा! ही घट म्हणजेच बंधन-ऊर्जा. कण एकत्र येतांना ती ऊर्जारूपानें घराबाहेर निघून गेली. आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या सूत्रानें तिचा भाव करितां येतो. म्हणून ती अणुगर्भांत सांठविलेली ठेव नव्हे. ती तेथें नाहींच. आणि नाहीं, म्हणूनच कण सुटे होऊं शकत नाहींत; सुटें व्हावयाचें तर जेवढें गेलें तेवढें बाहेरून परत भरावें लागेल. पुस्तकांतील ‘बांधून ठेवणारी ऊर्जा’ या शब्दांनीं अनेकांची दिशाभूल होते असें आमचें मत आहे. ‘बांधतांना गमावलेली ऊर्जा’ असें म्हटलें असतें तर निम्मा घोटाळा टळता.

उरलेला निम्मा घोटाळा एकूण आणि दरडोई यांचा. युरेनियमाची एकूण घट मोठी आहे हें खरें, पण घरांत माणसेंच २३८! घट माणशीं मोजली पाहिजे. शास्त्रज्ञांच्या मापांत, ज्यास ते ‘दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट’ म्हणतात, हेलियमांत ती माणशीं सुमारें ७.१, लोखंडांत ८.८, आणि युरेनियमांत पुन्हा उतरून ७.६. म्हणजे सर्वांत घट्ट बांधलेलें घर लोखंडाच्या आसपासचें. मोठ्या घरांत प्रोटॉनांची संख्या वाढत जाते, आणि प्रोटॉन एकमेकांस दूर लोटतात. जवळच्या जवळ धरणारी अणुगर्भाची ओढ लांबवर पोंचत नाहीं, हें लोटणें मात्र घराच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पोंचतें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें अधिक फोड करून सांगण्याची गरज नसावी. युरेनियमाचीं दोन मध्यम घरें झालीं, कीं दरडोई घट वाढते. ही जी नवी घट पडते ती ऊर्जा आपणांस मिळते. मिळते ती बंधन तुटल्यामुळें नव्हे, अधिक घट्ट बंधन जुळल्यामुळें.

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें उत्तरपत्रिकेंतलें आपलें वाक्य आठवून म्हटलें, “म्हणजे मला गुण मिळाले तें उत्तर सबंध उलटें होतें.”

सबंध उलटें होतें. युरेनियम फोडल्यावर ऊर्जा मिळते एवढाच त्यांतला शेवट खरा.

मग त्यानें तेंच माप पोटॅशियमास लावून पाहिलें, आणि येथें त्याला पहिल्यानें गोडी लागली. पोटॅशियम-४० मध्यें १९ प्रोटॉन व २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. म्हणजे दोन्हीकडे एकेक कण जोडीवांचून राहिलेला. कॅल्शियम-४० मध्यें वीस-वीस; अर्गॉन-४० मध्यें अठरा व बावीस; दोघांकडेहि सर्व जोड्या पुऱ्या. तिघांचे अणुभार पुस्तकांत दिलेले असतात: पोटॅशियम ३९.९६४००, कॅल्शियम ३९.९६२५९, अर्गॉन ३९.९६२३८. पोटॅशियम दोन्ही शेजाऱ्यांहून जड! फरक लाखांत तीन-चार भागांचा, पण फरक आहे. म्हणून त्यास दोन्ही बाजूंस उतार आहे. कोठें न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होऊन एक इलेक्ट्रॉन बाहेर फेंकला जातो व कॅल्शियम होतें; कोठें प्रोटॉन अणूंतलाच एक इलेक्ट्रॉन गिळून न्यूट्रॉन होतो व अर्गॉन होतें. उतार असूनहि १२५ कोटी वर्षें कां लागावीं? कारण पोटॅशियम-४० च्या गर्भाची फिरकी या दोघांच्या फिरकीपासून फार वेगळी आहे. ती एकदम टाकून देणें त्यास अतिशय कठीण जातें. म्हणून दार उघडें असूनहि उंबरठा फार उंच. हा उंबरठा बुटका असता, तर पृथ्वीच्या जन्मींचें पोटॅशियम-४० केव्हांच संपलें असतें आणि आमच्या काळ्या भिंतीस घड्याळ उरलें नसतें.

कुजक्या दगडाचा उपाय आतां सांगतां येईल, कारण तो थेट या घटीवरच उभा आहे. भारतांतील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ तुर्भें येथें ४ ऑगस्ट १९५६ रोजीं चालूं झाली. त्यानंतर १९८५ मध्यें तेथेंच ‘ध्रुव’ नांवाची मोठी भट्टी आली. युरेनियम दुभंगतें तेव्हां ऊर्जेबरोबर न्यूट्रॉनहि सुटतात. दगडाचा लहानसा तुकडा, व त्याच्या शेजारीं ज्याचें वय आधींच ठाऊक आहे असें एखादें खनिज, अशीं दोन्ही भट्टींत ठेवितात. वेगवान न्यूट्रॉन बसून साध्या पोटॅशियमाच्या कांहीं अणूंचा अर्गॉन-३९ होतो. पूर्वीं पोटॅशियम एका तुकड्यांत व अर्गॉन दुसऱ्यांत मोजावा लागे. आतां पोटॅशियमाची साक्षहि वायुरूपानेंच, त्याच तुकड्यांतून मिळते. मग तो तुकडा पायरीपायरीनें तापवितात. कडेचा, झिजलेला भाग आधीं आपला वायु सोडतो व तेथें वय चुकीचें येतें. आंतला घट्ट भाग मागाहून सोडतो. लागोपाठच्या अनेक पायऱ्यांवर तेंच वय निघालें तर त्यावर विश्वास ठेवावयाचा, नाहीं तर तो दगड बाद. मुंबईस पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेंत अशीं वयें काढलीं गेलीं आहेत. दख्खनच्या लाव्ह्याचा बहुतेक भाग सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं, भूगर्भाच्या हिशेबानें अगदीं थोडक्या काळांत, ओतला गेला, हें अशाच मोजण्यांवरून ठरलें. आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस सांगितला तो हा सबंध दख्खनचा आंकडा. भिंत ज्या थरांना चिरून वर आली त्यांहून ती थोडी तरी धाकटीच म्हटली पाहिजे.

याच घटीवर तारापूरची वीज चालते. तेथील अणुवीजकेंद्र २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊं लागलें. एक किलो युरेनियम-२३५ पुरें दुभंगलें तर सुमारें सव्वादोन कोटी युनिट उष्णता निघते, आणि वजनांत घट पडते ती एका ग्रॅमहूनहि किंचित् कमी. वहिनींचें म्हणणें पडलें कीं असा सोनार मिळाला तर बरें.

रनाळ्याहून निघण्याच्या दिवशीं पुतण्या पुन्हा त्या भिंतीकडे जाऊन आला. म्हातारबोवा भेटले होते, आणि त्यानें त्यांना चिंचोक्यांचा खेळ करून दाखविला होता. त्यांनीं तो शेवटपर्यंत पाहिला; मग विहिरीस पाणी भिंतीच्या कोणत्या अंगास लागेल तें या खेळांतून निघतें काय, असें विचारलें. अशा भिंती जमिनीखालचें पाणी अडवितात, म्हणून तो प्रश्नहि वावगा नव्हता. पुतण्याला उत्तर देतां आलें नाहीं. विषय बदलण्याचें त्यानें पुन्हा काढलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. परंतु परत गेल्यावर आपल्या गुरुजींना तो उलट्या उत्तराविषयीं सांगणार आहे, गुण गेले तरी.

येतांना त्यानें भिंतीचा एक सुटा तुकडा आणला. वजन किलोभर. त्यांत तीन ग्रॅम पोटॅशियम धरलें तर दर सेकंदास त्यांत अर्गॉनचे दहाएक नवे अणु होत असले पाहिजेत. आमच्या घरीं वहिनींनीं तो धुऊन, वाळवून, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेविला आहे.